जुना ट्रॅक्टर रोज मध्येच बंद पडतो? आधी डिझेलचा हिशेब, मग टाकीचं माप

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. ट्रॅक्टर जुना, साधारण ३५ एचपीचा, टाकी ४५ लिटरची. सकाळी तोंडापर्यंत भरली तरी दिवस मावळायच्या आत इंजिन आचके देत बंद पडतं. मग डिझेल आणा, एअर (नळ्यांत शिरलेली हवा) काढा, अर्धा-पाऊण तास घालवा. दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी वैतागून माणूस विचारतो, "मोठी टाकी बसवायची आहे, किती लिटरची घेऊ?"

हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर आधीच्या दोन प्रश्नांवर अवलंबून आहे. इंजिन खरंच डिझेल संपल्यामुळे बंद पडतंय का? आणि ते तासाला नेमकं किती जाळतंय? हे दोन्ही न तपासता साठ-सत्तर लिटरची टाकी आणून बसवली, तर कित्येकदा ट्रॅक्टर मोठ्या टाकीनिशी तसाच बंद पडत राहतो. म्हणून क्रमाने जाऊ.

बंद पडल्या पडल्या टाकीत काठी घाला

इंजिन बंद पडलं की पहिला हात डिझेलच्या कॅनकडे जातो. तो आवरा. डिझेल ओतलं की पुरावा गेला. आधी झाकण उघडा, पण कान देऊन उघडा. झाकण सैल होताना "सुस्स" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर दोष टाकीच्या मापाचा नाही. झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत आली पाहिजे. ती आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पुढे फिल्टरकडे डिझेल सरकेनासं होतं. याची खूण ठरलेली असते. ट्रॅक्टर सुरुवातीला उत्तम चालतो, मग हळूहळू दम सोडतो आणि बंद पडतो. थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा सुरू होतो, कारण तेवढ्यात कुठून तरी हवा आत झिरपलेली असते. जुन्या टाकीचं झाकण हरवलं म्हणून भलतंच घट्ट झाकण बसवलेलं असतं, तिथे हा प्रकार हमखास होतो. झाकण स्वच्छ करा, भोक तारेने मोकळं करा आणि धूळ जाऊ नये म्हणून आतली जाळी जाग्यावर आहे ना ते बघा.

आवाज आला नाही, तर स्वच्छ कोरडी काठी किंवा पट्टी तळापर्यंत घाला आणि किती सेंटिमीटर ओली झाली ते मोजा. काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या ट्रॅक्टरचा काटा म्हणजे टाकीत तरंगणारा पोकळ गोळा आणि त्याला जोडलेली दांडी. गोळ्याला छिद्र पडून तो जड झाला, दांडी वाकली, तर काटा काहीही दाखवतो. टाकी आडव्या नळकांड्याच्या आकाराची असेल तर काटा धडधाकट असूनही फसवतो. अशा टाकीत निम्म्या उंचीला निम्मं डिझेल असतं हे खरं, पण पाव उंचीला पावभर नसतं, एक-पंचमांशापेक्षा थोडं कमी असतं. दहाव्या हिश्शाच्या उंचीला तर जेमतेम पाच टक्के. काटा पावावर आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचं गणित इथेच चुकतं.

काठीने सहा-सात सेंटिमीटर डिझेल दाखवलं आणि तरी इंजिन बंद आहे, तर दोन शक्यता धरा. पहिली, बाहेर जाणारी वाट तुंबलीय. फिल्टरच्या तोंडाशी येणारी नळी सोडा, खाली कॅन धरा आणि टाकीचा कॉक उघडा. टाकी फिल्टरपेक्षा उंचावर असेल तर डिझेल आपोआप वाहिलं पाहिजे. ३५ एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर मिनिटाला साधारण १३०-१४० मिली जाळतं. परतीच्या नळीने माघारी जाणारं वेगळं. म्हणून मिनिटाला निदान अर्धा लिटर धार मिळाली पाहिजे, आणि महत्त्वाचं म्हणजे ती टिकली पाहिजे. पहिली दोन मिनिटं जोरात आणि मग करंगळीएवढी झाली, तर टाकीच्या आत गंजाचा पापुद्रा, पालापाचोळा किंवा कधीकाळी आतून फासलेल्या सीलंटचा तुकडा तोंडाशी येऊन बसतोय. इंजिन बंद झालं की ओढ संपते, तुकडा बाजूला सरकतो, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये नेल्यावर ट्रॅक्टर शहाण्यासारखा चालतो. टाकी उतरवून धुतल्याशिवाय हा दोष जात नाही. फिल्टर बदलून बदलून पैसे जातात, दोष राहतो.

दुसरी शक्यता उताराची, आणि ती मला सर्वांत दुर्लक्षित वाटते. हिशेब करून बघा. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २१.५ उंच, म्हणजे ४५ लिटरची. डिझेल बाहेर जायची नळी पुढच्या टोकाला आहे आणि गाळ वर येऊ नये म्हणून ती तळापासून दीड सेंटिमीटर उंच ठेवलेली आहे. आता ट्रॅक्टर १५ टक्के चढावर चढतोय. टाकीच्या दोन टोकांत डिझेलच्या पातळीत नऊ सेंटिमीटरचा फरक पडतो. पुढच्या टोकाला पातळी साडेचार सेंटिमीटरने उतरते, मागच्या टोकाला तेवढीच चढते. म्हणजे सपाटीवर सहा सेंटिमीटर डिझेल असेल, तर चढावर नळीचं तोंड उघडं पडतं. सहा सेंटिमीटर म्हणजे या टाकीत १२ लिटरपेक्षा जास्त. टाकीत १२ लिटर असताना पंप हवा ओढतो! ट्रॅक्टर नेहमी चढावर किंवा एकाच बांधाशी वळताना बंद पडत असेल आणि सपाटीवर आणल्यावर काठी भरपूर डिझेल दाखवत असेल, तर शोध इथे संपला. उपाय टाकी मोठी करणं नाही. नळीचं तोंड टाकीच्या लांबीच्या मध्यावर आणणं किंवा तळाला छोटं खोलगट भांडं जोडून त्यातून डिझेल घेणं, हा आहे.

काठी कोरडी निघाली, किंवा तळाला दीड-दोन सेंटिमीटरच भिजली, तर मात्र डिझेल खरोखर संपलंय. मग खप मोजायला घ्या.

कागदावरचा अंदाज

डिझेल इंजिनाची भूक अश्वशक्तीवर नाही, घेतलेल्या लोडवर ठरते. तरीही सुरुवातीला एक ठोकताळा उपयोगी पडतो. वर्षभराच्या मिश्र कामाची सरासरी काढली तर पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याच्या) दर एचपीमागे तासाला ०.१६७ लिटर डिझेल लागतं, असं शेती अभियांत्रिकीत धरलं जातं. सोपं करून सांगायचं तर सहा एचपीला तासाला एक लिटर. इंजिन ३५ एचपीचं असेल तर पीटीओवर साधारण ३० मिळतात, म्हणजे सरासरी तासाला पाच लिटर.

पण टाकीचं माप सरासरीवर काढायचं नसतं, ते सर्वांत जड दिवसावर काढायचं असतं. त्यासाठी पूर्ण लोडचा आकडा हवा. चांगल्या स्थितीतलं जुनं डिझेल इंजिन पूर्ण लोडवर एका किलोवॅट-तासाला २५० ते २८० ग्रॅम डिझेल घेतं. ३५ एचपी म्हणजे २६ किलोवॅट. मधला २६० ग्रॅमचा आकडा धरला तर तासाला पावणेसात किलोच्या आसपास. एक लिटर डिझेल साधारण ०.८३ ते ०.८४ किलो भरतं, म्हणून लिटरमध्ये तासाला आठ. याच्या फार पलीकडे हे इंजिन धडधाकट असताना जाऊ शकत नाही. कुणी ३५ एचपीला तासाला दहा लिटर लागतात म्हणत असेल, तर मोजण्यात चूक आहे नाहीतर डिझेल दुसरीकडे कुठेतरी जातंय.

अर्ध्या लोडवर खप निम्मा होतो असंही नाही. पूर्ण रेसवर अर्धा लोड घेतला तर दर किलोवॅट-तासाचा खर्च ३०० ग्रॅमच्या वर जातो, कारण इंजिनाला स्वतःला फिरवत ठेवायचं ओझं तेवढंच राहतं. आठाचे चार होत नाहीत, पाच होतात. म्हणून हलक्या ओढीच्या कामाला वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवणं डिझेल वाचवतं. धूर काळा पडेल किंवा इंजिन घरघरेल इतकी रेस कमी करू नका. आणि पीटीओवर मिनिटाला ५४० फेरे लागणाऱ्या अवजाराला ही युक्ती चालत नाही. नुसता उभा ठेवलेला असा ट्रॅक्टर तासाला लिटर-सव्वा लिटर पितो, हेही हिशेबात धरा. गप्पा मारताना चालू ठेवलेलं इंजिन दिवसाकाठी दोन लिटर सहज खातं.

पेट्रोलवर किंवा पेट्रोलने सुरू करून रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांना हे आकडे लागू नाहीत. १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीला बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० मालिकेत पेट्रोल, रॉकेल आणि पुढे डिझेल अशी तिन्ही इंजिनं होती. मॉडेलचं नाव एक म्हणून खप एक समजू नका. पेट्रोल इंजिनाला तोच ठोकताळा साडेचार एचपीला तासाला एक लिटर असा बसतो.

तुमच्या मॉडेलचा चाचणी अहवाल मिळाला तर तो जरूर बघा. अमेरिकेत नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा करून ट्रॅक्टरची चाचणी सक्तीची केली आणि १९२० पासून तिथे मॉडेलवार चाचण्या होत आल्या आहेत. त्या अहवालात वेगवेगळ्या लोडवर तासाला किती इंधन लागलं ते नोंदलेलं असतं, आणि जुन्या ट्रॅक्टरवाल्यासाठी याहून चांगला आधार नाही. फक्त गॅलनकडे डोळे उघडे ठेवून बघा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. ब्रिटिश पुस्तिकेतली दहा गॅलनची टाकी ४५ लिटरची असते, अमेरिकी पुस्तिकेतली दहा गॅलनची ३८ लिटरची. सात लिटर म्हणजे तासाभराहून जास्त नांगरट.

प्रत्यक्ष मोजणी

अंदाज कागदावर बरा, पण निर्णय मोजणीवर घ्या. पद्धत सगळ्यांना माहीत आहे: टाकी फुल्ल करा, काम करा, पुन्हा फुल्ल करा, किती बसलं ते बघा. गडबड होते ती तपशिलात. वर दिलेल्या टाकीचा पृष्ठभाग २,१०० चौरस सेंटिमीटर आहे. पातळी एका सेंटिमीटरने इकडेतिकडे झाली की दोन लिटरचा फरक पडतो. म्हणून दोन्ही वेळा ट्रॅक्टर त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून, सपाटीवर उभा करा. भरताना फेस येतो, तो बसू द्या आणि मग खुणेपर्यंत भरा. एक-दोन तासांच्या कामावर मोजू नका, निदान पाच-सहा तासांचं एकाच प्रकारचं काम हवं, म्हणजे ती चूक विभागली जाते.

वेळ घड्याळाने मोजा, ट्रॅक्टरच्या आवरमीटरने नव्हे. जुन्या ट्रॅक्टरवरचा आवरमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. एका ठरलेल्या फेऱ्यांवरच त्याचा तास आणि घड्याळाचा तास जुळतो. तो १,५०० फेऱ्यांना जुळवलेला असेल आणि तुम्ही १,००० फेऱ्यांवर काम करत असाल, तर घड्याळात एक तास होतो तेव्हा मीटरमध्ये ४० मिनिटंच पडतात. मग खप दीडपट दिसतो आणि माणूस नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदलायला निघतो. १,८०० फेऱ्यांवर उलटं होतं, मीटर पुढे पळतो आणि खप कमी भासतो.

नांगरट, रोटाव्हेटर, ट्रॉली, पीटीओवरचं मळणीयंत्र किंवा पाण्याचा पंप, यांचे आकडे वेगवेगळे काढून वहीत लिहा. हेक्टरी किती लागलं ते खर्चासाठी लिहा, पण टाकीसाठी तासाचाच आकडा लागतो. खोल नांगरटीला हेक्टरी १५ ते २५ लिटर इतका मोठा पट्टा दिसतो. जमीन किती कठीण, नांगराचा तास किती खोल, ओल किती, यावर तो फिरतो आणि त्यातून टाकीचं माप निघत नाही.

थोड्या वेळात मोजायचं असेल तर खुणा केलेला कॅन टाकीच्या उंचीला बांधा, डिझेल त्यातून घ्या आणि पंधरा मिनिटं काम करा. यात एक गोष्ट विसरू नका: नोझलवरून येणारी परतीची नळीसुद्धा त्याच कॅनमध्ये सोडायची. ती जुन्या टाकीत तशीच ठेवली, तर माघारी गेलेलं डिझेलही जळालं असं दिसेल आणि आकडा फुगेल. काही ट्रॅक्टरमध्ये परतीची नळी टाकीत न जाता फिल्टरवर येते, तिथे हा प्रश्न नाही. आधी नळी कुठे जाते ते हाताने चाचपून बघा. कॅन आणि नळ्या नीट बांधलेल्या, सायलेन्सरपासून लांब हव्यात.

आकडा जास्त आला तर

मोजलेला आकडा कागदावरच्या आकड्याला धरून असेल तर सरळ टाकीच्या मापाकडे वळा. दीड-दोन लिटर जास्त येत असेल, तर मोठी टाकी घेणं म्हणजे दोष पोसणं. बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण एक सर्वांत आधी.

इंजिन ऑईलची डीपस्टिक काढा. ऑईलची पातळी वाढलेली दिसली, ऑईल पातळ लागलं, त्याला डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर तिथल्या तिथे थांबवा. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल सरळ इंजिनाच्या ऑईल चेंबरमध्ये उतरतं. काही रचनांमध्ये इंजेक्शन पंपाचं सील गेलं तरी हेच होतं. जमिनीवर एक थेंब दिसत नाही, धूर वेगळा नाही, ताकद कमी नाही, आणि डिझेल मात्र रोज कमी पडतं. डिझेल मिसळलेलं ऑईल बेअरिंगना आधार देत नाही. असा ट्रॅक्टर जड कामाला चालवला तर क्रँकपर्यंत (इंजिनाच्या मुख्य दांड्यापर्यंत) दुरुस्ती जाते. "ऑईल खात नाही, उलट वाढतंय" हे कौतुकाने सांगणारे लोक मला भेटले आहेत, आणि प्रत्येक वेळी जीव धसकतो. पडदा स्वस्त असतो, क्रँक नसतो. पडदा बदला, ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला, मगच इंजिन सुरू करा.

ऑईल ठीक असेल तर बाहेरची गळती. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला अंदाजे शंभर मिली, आणि उभ्या ट्रॅक्टरचीही गळती रात्रभर चालू राहते. नळ्यांचे जोड पुसून कोरडे करा, खाली पुठ्ठा घाला आणि सकाळी बघा. टाकीतून फीड पंपापर्यंतचा भाग मात्र वेगळा आहे. तिथे ओढ असल्यामुळे चीर डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. पुठ्ठा कोरडा आणि रोज हवा धरतोय, तर तीच नळी आणि तिच्या जोडांचे वॉशर बदला.

मग काळा धूर. एअर क्लीनर तुंबलेला, नोझल थेंब टाकणारं, किंवा पंपाचं टायमिंग सरकलेलं. एअर क्लीनर ऑईल बाथचा असेल तर तळाच्या वाटीत चिखल झालाय का ते बघा, हे फुकटात होणारं काम आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन थंडच चालत असेल तरी खप वाढतो. थर्मोस्टॅट काढून टाकलेले ट्रॅक्टर कमी नाहीत. परत बसवा.

आणि चाकाचा घसारा, म्हणजे चाक जागच्या जागी घसरत फिरणं. मोकळा ट्रॅक्टर नेऊन मागच्या चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर कापतो ते मोजा, मग त्याच शेतात नांगर लावून तेच मोजा. मोकळा ५० मीटर गेला आणि लोडवर ४३, तर घसारा १४ टक्के. ८ ते १५ टक्के ठीक आहे. २५ टक्क्यांवर गेला तर चाक शंभर मीटर फिरतं आणि ट्रॅक्टर ७५ मीटर जातो. तेच रान संपायला जास्त तास लागतात आणि दोष टाकीवर येतो. झिजलेला टायर, कमी वजन, किंवा झेपत नाही इतका खोल लावलेला फाळ, यापैकी काहीतरी असतं.

टाकीचं माप

आता मूळ प्रश्न. तुमच्या सर्वांत जड दिवसाचे तास मांडा. समजा पाच तास नांगरट, मोजणीत तासाला ६.५ लिटर, म्हणजे ३२.५. दोन तास ये-जा आणि ट्रॉली, तासाला ३.५ प्रमाणे ७. एक तास इंजिन नुसतं चालू, १.२. एकूण ४०.७ लिटर.

टाकी ४५ लिटरची असताना हे पुरायला हवं, असं वाटतं. पण ४५ लिटर हा टाकीच्या पत्र्याचा आकडा आहे, मिळणाऱ्या डिझेलचा नाही. नळीचं तोंड दीड सेंटिमीटर वर, म्हणजे तळाचे तीन लिटर कधीच इंजिनापर्यंत जात नाहीत, आणि जाऊही नयेत, कारण पाणी आणि गाळ तिथेच बसतो. वर दोन लिटरची जागा मोकळी ठेवावी लागते. डिझेल २० अंशांनी तापलं की पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. गार डिझेल काठोकाठ भरून ट्रॅक्टर उन्हात ठेवला की ते झाकणातून वाहतं. राहिले ४० लिटर. दिवसाला लागतात ४०.७. ट्रॅक्टर रोज शेवटच्या फेरीलाच का बंद पडतो, त्याचं उत्तर या सात-आठशे मिलीत आहे.

नवीन माप काढताना दिवसाच्या गरजेवर वीस टक्के राखीव धरा: ४०.७ चे साधारण ४९. तळाचे तीन मिळवा, ५२. वरची पाच टक्के मोकळी जागा सोडण्यासाठी ५२ ला ०.९५ ने भागा. उत्तर ५५ लिटर. आतून ६० × ३५ × २७ सेंटिमीटरची टाकी साडेछप्पन लिटरची होते, कोपरे गोल असतील तर थोडी कमी. म्हणजे जुन्याच बैठकीवर, आधीपेक्षा साडेपाच सेंटिमीटर जास्त उंच टाकीत काम भागतं. चढउतारावर काम असेल तर वीसऐवजी तीस टक्के राखीव ठेवा. दिवसभर पीटीओवर मळणी किंवा पंप चालवत असाल आणि तासाला साडेसात लिटर जात असेल, तर आठ तासांना ६० लिटर लागतात आणि हाच हिशेब ८० लिटरपर्यंत जातो. तिथे माझं मत स्पष्ट आहे: एवढी टाकी जुन्या ट्रॅक्टरवर चढवण्यापेक्षा दुपारी एकदा गाळून डिझेल भरा. पीटीओचं काम एका जागी असतं, कॅन जवळ ठेवता येतो.

विनाकारण मोठी टाकी नकोच. ५५ लिटर डिझेलचंच वजन ४६ किलो होतं, शिवाय पत्रा. मूळ कंस तेवढ्यासाठी केलेला नसतो आणि जुन्या वेल्डिंगला कंपनाने चिरा जातात. आणखी एक, अर्धी रिकामी राहणारी मोठी टाकी रात्रीच्या गारव्यात आतून घाम धरते. ते पाणी तळाला बसतं, पत्रा गंजतो, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून शेवाळासारखा चिकट थर तयार होतो. एका दिवसाची टाकी रोज संध्याकाळी भरून ठेवली, तर हे सगळं टळतं.

बसवताना काय बघायचं

टाकीची उंची सर्वांत महत्त्वाची. मूळ रचनेत डिझेल उंचीवरून आपोआप खाली उतरत असेल, म्हणजे फीड पंपच नसेल, तर नव्या टाकीचा तळ फिल्टरच्या वर राहिलाच पाहिजे. जागा मिळाली म्हणून टाकी पायरीपाशी खाली बसवली, तर ती अर्ध्यावर आली की डिझेल चढणार नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका. जस्त आणि डिझेलची क्रिया होऊन साबणासारखे क्षार तयार होतात आणि ते फिल्टर व नोझलमध्ये जाऊन बसतात. तांब्याची नळीही टाळा, तांबं डिझेल लवकर बिघडवतं. साधा पोलादी पत्रा, ॲल्युमिनियम किंवा इंधनासाठीच बनवलेलं जाड प्लास्टिक चालतं. पाण्याचा ड्रम चालत नाही, उन्हाने आणि डिझेलने तो खराब होतो.

परतीच्या नळीसाठी वेगळं तोंड ठेवा, आणि ते बाहेर जाणाऱ्या नळीपासून लांब, म्हणजे परतीबरोबर आलेले हवेचे बुडबुडे लगेच पुन्हा ओढले जाणार नाहीत. टाकी अर्ध्या मीटरपेक्षा लांब असेल तर डिझेल हिंदकळू नये म्हणून आत पत्र्याचा एक आडवा पडदा, खाली-वर फट ठेवून. तळाच्या सर्वांत खोल जागी पाणी काढायचा बोल्ट. टाकीखाली रबर, आणि सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची आड.

जुनी टाकी कापून वाढवायचा बेत असेल तर एवढं ऐका: डिझेल राहिलेल्या टाकीवर वेल्डिंग करू नका, रिकामी दिसते म्हणून तर मुळीच करू नका. पत्र्याला चिकटलेलं डिझेल उष्णतेने वाफ होतं आणि बंद टाकी बाँबसारखी फुटते. यात माणसं मरतात. हे काम टाकी वाफेने धुऊन, आतली वाफ तपासून करणाऱ्या जाणकाराचं आहे. तसा माणूस मिळत नसेल तर नवी टाकी घ्या.

जोडणी झाली की आतला कचरा पहिल्या काही दिवसांत फिल्टरमध्ये येणारच, त्यामुळे फिल्टरचा एक जोड हाताशी ठेवा. एअर काढताना क्रम टाकीकडून इंजिनाकडे. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून नुसती धार आली की घट्ट करा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट एकेक आटा सैल करून स्टार्टर मारा. दहा-पंधरा सेकंदांवर स्टार्टर दाबून धरू नका, मध्ये त्याला गार होऊ द्या. नटाशी डिझेल दिसलं की आवळा. या पाइपांतली धार बोट लावून कधीही तपासू नका. तिचा दाब कातडी भेदून डिझेल मांसात घुसवतो, वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत बोट सडतं. तसं झालंच तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा आणि दाबाखालचं डिझेल शिरलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.